पाय जमिनीला टेकले का?

घरातलं माणूस उठलं आहे की नाही, हे ठरवण्याची आमच्या आईची स्वतंत्र पद्धत होती. तोंडी पुरावा ती ग्राह्य धरत नसे. पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातून हाक यायची, "उठलास का रे?" मी गोधडीच्या आतून, गाढ झोपेत, खणखणीत आवाजात "हो" म्हणायचो. हे "हो" माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यासाठी जागं होण्याची गरज भासत नसे. त्यावर आईचा पुढचा प्रश्न यायचा, "पाय जमिनीला टेकले का?"

या प्रश्नालाही झोपेत "हो" म्हणता येतं, पण पाय टेकल्याचा आवाज काढता येत नाही. सांगलीच्या आमच्या घरात शहाबादी फरशी होती आणि आईचे कान त्या फरशीकडे लागलेले असायचे.

पाय टेकले तरी सुटका नव्हती. पलंगाच्या कडेवर बसून, डोळे सताड उघडे ठेवून, एका पायमोज्याकडे दहा मिनिटं पाहत राहण्याची एक अवस्था असते. तिला झोप म्हणता येत नाही आणि जागही म्हणता येत नाही. आई येऊन खांद्याला धक्का द्यायची, मग गाडी मोरीकडे सरकायची. मोरीतून "दात घासले" अशी आरोळी मी स्वतःहून ठोकली की मगच "मुलगा उठला" अशी नोंद व्हायची.

या पद्धतीत एकच दोष होता. त्यापायी एकदा एका गादीचं आणि माझ्या अब्रूचं भरून न येणारं नुकसान झालं. पण ते पुढे.

आज मी पुण्यात एका कंपनीत पगार घेऊन हेच काम करतो. फरक इतकाच, की ज्यांना उठवायचं ते आवाजाच्या प्रोसेसरचे कोर असतात. त्यांना उठवतो तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. तो टीममधल्या कोणी तरी लिहिलेला असतो, आणि तो नीट उठवतोय की नाही हे मी तपासतो. थोडक्यात, उठवणाऱ्या आईवर देखरेख करणारी मी आजी आहे. आईनं शेजारी एकदा अभिमानानं सांगितलं, "तो ड्रायव्हर तपासतो." शेजारच्या काकू म्हणाल्या, "आरटीओत का?" आई "हो" म्हणाली. बरोबर उत्तर फार लांब होतं आणि गॅसवर वरण होतं.

ते लांब उत्तर इथे देतो.

लॅपटॉपच्या किंवा फोनच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज आवाजासाठी एक वेगळा छोटा प्रोसेसर पुष्कळदा असतो. गाणं वाजवणं, दोन आवाज एकमेकांत मिसळणं, कॉलवर आपलाच घुमून येणारा आवाज पुसून टाकणं ही त्याची कामं. मुख्य प्रोसेसर बलवान आणि खादाड. एका भजनासाठी त्याला जागं ठेवणं म्हणजे कपभर चहासाठी लग्नाचा आचारी बोलावणं. म्हणून चहापुरता हा धाकटा ठेवलेला. धाकट्याच्या पोटात पुन्हा दोन, चार असे कोर. काम नसलं की त्यांची वीज तोडायची, कारण बॅटरी. तुम्ही गाणं थांबवून दार उघडायला गेलात की काही सेकंदांत ही मंडळी आडवी होतात. परत येऊन बटण दाबलंत की त्यांनी ताडकन उठायचं आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून सुरू करायचं. तुमच्या लेखी मधे काहीच घडलेलं नसतं. आमच्या लेखी एक साडेपाचची सकाळ होऊन गेलेली असते.

या सकाळचं वेळापत्रक ज्याला पाहायचं असेल त्याला ते फुकट पाहता येतं. लिनक्समध्ये 'साउंड ओपन फर्मवेअर' नावाचा खुला प्रकल्प आहे. इंटेलनं तो २०१८ साली जाहीर केला. त्यातला इंटेलच्या चिपांचा ड्रायव्हर कोणीही उघडून वाचावा. गाणं शिकणाऱ्याला जसे आधी अलंकार घोटायला लावतात, तसा आमच्याकडे नव्या माणसाला मी तो वाचायला लावतो.

त्यात कोरांची सगळी सूत्रं ३२ बिटांच्या एका रजिस्टरात आहेत. ते समजायला मला एक मिनिटही लागलं नाही, कारण ती हुबेहूब गिरगावातल्या मामाची चाळ आहे. चार मजले, दर मजल्यावर आठ खोल्या. प्रत्येक कोरला दर मजल्यावर एक अशा एकाखाली एक चार खोल्या. तळमजल्यावरचा दिवा लागलेला असेल तर तो कोर रीसेटमध्ये, म्हणजे बेशुद्ध. पहिल्या मजल्यावरचा लागलेला असेल तर तो खिळलेला, म्हणजे पायमोज्याकडे पाहत बसलेला. दुसऱ्या मजल्यावर आपण दिवा लावायचा. त्याचा अर्थ "याला वीज द्या" असा अर्ज. आणि तिसऱ्या मजल्यावरचा दिवा आपल्याला लावता येत नाही. तो हार्डवेअर लावतं. त्याचा अर्थ "वीज पोचली".

अर्जाला एक मजला आणि पोच देण्याला दुसरा, ही रचना पाहून परदेशी शिकलेले इंजिनिअर गोंधळतात. सांगलीत वाढलेला माणूस गोंधळत नाही. आमच्याकडे बटण दाबणं आणि दिवा लागणं या दोन स्वतंत्र घटना होत्या, आणि त्यांच्यामध्ये कधी कधी एक पूर्ण दुपार असायची.

तेव्हा क्रम असा. दुसऱ्या मजल्यावर अर्ज करायचा. तिसऱ्यावर दिवा लागेपर्यंत थांबायचं. मग तळमजल्यावरचा दिवा मालवून कोरला शुद्धीवर आणायचं, आणि आला याची खात्री करायची. मग पहिल्या मजल्यावरचा मालवून त्याला चालतं करायचं. एवढं करूनही स्वस्थ बसायचं नाही. त्याच्यावर चढवलेलं फर्मवेअर स्वतःहून "मी तयार आहे" असा निरोप पाठवतं, तो येईपर्यंत वाट पाहायची. मोरीतली आरोळी, दुसरं काय.

आमच्या कंपनीची चिपही याच वळणाची. टीममध्ये एक नवा मुलगा आला. वय बावीस, कानात दिवसभर इयरफोन. त्याला पहिलं काम दिलं ते कोर उठवण्याचं. दोन दिवसांत त्याचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, माझ्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला आला. त्यानं दुसऱ्या मजल्यावर अर्ज केला होता आणि पुढच्याच ओळीत तळमजल्यावर जाऊन कोरची गोधडी ओढली होती. वीज आली की नाही हे पाहिलंच नव्हतं.

मी लिहिलं, "तिसरा मजला कोण बघणार?"

तो माझ्या टेबलापाशी आला. "सर, पण चालतंय. माझ्या मशीनवर दोन दिवस चालतंय. एकदाही फेल नाही."

मी त्याच्या इयरफोनकडे पाहिलं. "दोन दिवस गाणी चालू आहेत का रे?"

"हो सर. कामाच्या वेळी लागतातच."

म्हणजे दोन दिवसांत तो कोर एकदाही झोपलेला नव्हता. उठलेल्याला उठवण्यात या मुलाचा पॅच शंभर टक्के यशस्वी होता. मी त्याला गाणी बंद करून, पाच मिनिटं थांबून पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं लावली. मग कानातून एक इयरफोन काढला, झटकला, पुन्हा घातला. दुसरा काढला. आवाज गेल्यावर पहिला संशय वायरवर घ्यायचा हा मानवी स्वभाव आहे.

दुसऱ्या खेपेला त्यानं तिसरा मजला पाहायला सुरुवात केली होती. चार कोर एकदम उठवायचे होते, म्हणून चारही खोल्यांवर एकदम नजर टाकली होती. पण सी भाषेत नुसती नजर टाकली की एक घोळ होतो. चारांतला एक जरी दिवा लागलेला असला तरी उत्तर शून्य येत नाही, आणि जे शून्य नाही ते सी भाषेच्या मते खरं. मामाच्या चाळीत सकाळी नळाला पाणी आलं की असंच व्हायचं. तीन नंबरच्या खोलीतून कोणी तरी "आलं!" म्हणून ओरडायचं आणि ते सगळ्या मजल्याचं उत्तर धरलं जायचं. शेवटच्या खोलीतले आजोबा अंगाला साबण लावून बसायचे आणि नळ नुसता फुसफुसायचा. चारही कोर उठले का असं विचारायचं असेल तर चारही दिवे मोजावे लागतात. "कोणी उठलंय का?" आणि "सगळे उठले का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे ज्याच्या घरी सहलीच्या दिवशी पहाटे पाच माणसांना बाहेर काढायचं असतं त्याला सांगावं लागत नाही.

ही माझी टिप्पणी मला स्वतःलाच फार आवडली. मुलानं ती ताबडतोब अंमलात आणली आणि त्यातून पुढचा घोटाळा झाला. त्याला मी जबाबदार, हे इथे नमूद करतो.

झालं असं, की टेस्टिंगमध्ये एका मशीनवर लॉगमध्ये सगळे कोर उठल्याची नोंद होती आणि स्पीकरमधून चकार शब्द नव्हता. रजिस्टर वाचून पाहिलं. ३२ पैकी ३२ दिवे लागलेले. तिसरा मजला लखलखीत. मुलाला आनंद झाला. मला आजोबा आठवले. आमच्या आजोबांच्या तोंडात शेवटी शेवटी चार दात होते, पण खिडकीतल्या काचेच्या पेल्यात पूर्ण बत्तीशी हसत असायची. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आणि सगळे सारखे चमकताहेत म्हटलं की समजावं, ही कवळी आहे, तोंड दुसरीकडे आहे.

कारण बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि उपकरण यांच्यातल्या वाटेवर, दुसऱ्या टोकाला कोणीच नसेल, उपकरणच मेलं असेल, तर वाचणाऱ्याच्या पदरात सगळे एक पडतात. कोणी नाही म्हणायलाच शिल्लक नाही, म्हणून सगळीकडून हो. आमच्या चिपमध्ये कोर चारच. तरी आठही खोल्यांत दिवे होते, म्हणजे ज्या खोल्यांत कोणी राहतच नाही तिथेही उजेड. शिवाय तळमजल्यावरचे "बेशुद्ध" दिवेही चालू. नुसता तिसरा मजला पाहणारा फसणारच. ज्यानं चारही मजले पाहिले तो म्हणेल, बाबा, हा माणूस एकाच वेळी उठलेला, बेशुद्ध आणि पायमोज्याकडे पाहत बसलेला कसा असेल? तेव्हापासून मी रिव्ह्यूमध्ये एक नियम पाळतो. नकाराला घाबरायचं नाही. नकार देणारा निदान जागेवर तरी असतो.

इथे रिव्ह्यू या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. दुसऱ्याच्या कोडमध्ये बारीकसारीक खोट काढायची असेल तर टिप्पणीच्या आधी "निट" असं लिहायची पद्धत आहे. मूळ इंग्रजी अर्थ लीख. म्हणजे डोक्यातल्या उवा संपल्या, आता लिखा काढतो. मला हे बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. लोक जागोजागी "निट" लिहितात ते पाहून मला वाटायचं, मराठी माणसं जगभर पोचली आहेत आणि "नीट कर" असं सुचवताहेत. अर्थात परिणाम दोन्हींचा सारखाच.

लिखा काढण्यात एक सुख आहे, ते उवा काढण्यात नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी आपण दहा मिनिटं घासाघीस करतो आणि फ्लॅटच्या करारावर चाळीस पानं न वाचता सह्या करतो. तसंच इथे. चार ओळींचा पॅच आला की सहा जण सोळा सूचना करतात. चार हजार ओळींचा आला की सगळ्यांना एकदम दुसरी मीटिंग असते. मुलाच्या पॅचमध्ये वाट पाहण्यासाठी एक मिलिसेकंद झोपण्याची सूचना होती. त्यावर तीन जणांनी टिप्पण्या केल्या आणि तिघांचाही रोख ओळीतल्या मोकळ्या जागेवर होता. खरी गोष्ट वेगळी होती. त्यानं वापरलेल्या त्या जुन्या फंक्शनला एक मिलिसेकंद सांगितला तर ते वीसएक मिलिसेकंदही झोपू शकतं, असं लिनक्सच्या कागदपत्रांतच लिहून ठेवलं आहे. थोड्या वेळासाठी वेगळं फंक्शन आहे, ज्याला "इतक्यापासून इतक्यापर्यंत" अशी मुदत द्यावी लागते. हे वाचल्यावर मला परकेपणा अजिबात वाटला नाही. "एका मिनिटात आलो" म्हणून गेलेला माणूस वीस मिनिटांनी येतो, म्हणून त्याला "पाच ते सातच्या दरम्यान ये" असं सांगावं, हे आमच्या प्लंबरनं आम्हाला फार पूर्वी शिकवलं आहे.

सगळं तपासून झालं की पॅचखाली "अमक्यानं तपासलं" अशी ओळ स्वतःच्या नावानिशी लिहायची. लिनक्समध्ये या ओळीचा अर्थ काय, हे चक्क कलमवार लिहिलेलं आहे. त्याचा मथितार्थ असा : मी हे पाहिलं, मला हे योग्य वाटतं, पण हे चालेलच याची मी हमी देत नाही. मी ते प्रथम वाचलं तेव्हा कोणाचा तरी आवाज कानात घुमला. मग ओळख पटली. आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका पाहणारे गुरुजी. ३६ पैकी २८ गुण जुळतात, मंगळ नाही, नाडी वेगळी, करून टाका. पुढचं तुमचं तुम्ही. दक्षिणा आधी.

आता वाट पाहण्याविषयी. अर्ज केल्यावर तिसऱ्या मजल्याकडे किती वेळ टक लावून बसायचं? त्या खुल्या ड्रायव्हरमध्ये हिशेब असा आहे : दर ५०० मायक्रोसेकंदांनी एकदा डोकवायचं आणि ५० मिलिसेकंद झाले की हात टेकायचे. मी भागाकार केला आणि खुर्चीतून उठलो. ढोबळमानानं शंभर! शिशुपालाचे शंभर अपराध भरेपर्यंत श्रीकृष्ण थांबला. हा ड्रायव्हर ज्यांनी लिहिला त्यांनी महाभारत वाचलं असेल असं नाही, पण सहनशक्तीचं माप दोन्हीकडे सारखंच निघावं याचं मला फार समाधान वाटलं. फक्त श्रीकृष्णानं अपराध मोजण्यात काही वर्षं घालवली आणि आमचा ड्रायव्हर डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभर मोजून सुदर्शन सोडतो.

सुदर्शन म्हणजे एरर. इथलं प्रगतिपुस्तक उलटं असतं. काम फत्ते झालं तर शून्य मिळतं. बिघडलं तर उणे काही तरी, आणि वेळ संपली तर उणे ११०. माझ्या शाळेत ही पद्धत असती तर गणितात मी अनेकदा यशस्वी ठरलो असतो.

पण एवढ्यावरही तो ड्रायव्हर हार मानत नाही. शंभर हाकांचा हा सगळा सोहळा मोडला तर पुन्हा पहिल्यापासून, एकूण तीन वेळा, बूट करून पाहतो. पहिल्या दोन वेळा बिघडलं तर त्याची फारशी वाच्यता होऊ देत नाही. घरचं भांडण घरात. तिसऱ्यांदाही नाही जमलं की मात्र सगळी कुंडली लॉगमध्ये ओतून मोकळा. नव्या मुलानं विचारलं, "सर, तीनच का?" मी म्हटलं, "अरे, नाटकाला कधी गेला नाहीस का? पहिली घंटा झाली की लोक वडा घेतात. दुसरीला चहा. तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा उघडतो का?" त्यानं हे वहीत लिहून घेतलं. पुढे एका डिझाइनच्या कागदात "तिसऱ्या घंटेचे तत्त्व" असा शब्दप्रयोग मी पाहिला. बंगळूरच्या ऑफिसातून त्यावर शंका आली होती.

झोपवण्याचं शास्त्र उठवण्याहून नाजूक. चालत्या माणसाच्या पायाखालचा दिवा घालवला तर तो टीपॉयवर आपटतो. म्हणून आधी कोरला बेशुद्ध करायचं आणि मगच वीज तोडायची. मांडव उतरवताना जशी शेवटी लावलेली झालर आधी निघते आणि खांब सगळ्यांत शेवटी. त्यात आणखी भानगड म्हणजे एकाच कोरवर दोघांचं काम असू शकतं. गाणं चालू आहे आणि मधेच कॉल आला. कॉल संपला, कॉलवाल्यानं जाताना सवयीनं पंखा बंद केला, आणि गाणंवाला अंधारात बसून राहिला. यावर उपाय म्हणजे खोलीत किती जण आहेत याची मोजणी. आत येताना एक वाढवायचा, जाताना एक कमी करायचा, शून्य झालं की शेवटच्यानं बंद करायचं. ऐकायला सोपं. पण आत येता येताच ज्याचं काम बिघडलं आणि जो मागच्या दारानं पळाला, तो हमखास कमी करायला विसरतो. मग खोलीत कोणी नाही, वहीत एक जण आहे, पंखा रात्रभर चालू, आणि सकाळी लॅपटॉप गार. हा "वहीतला एक जण" शोधण्यात माझ्या आयुष्याचे किती तरी शुक्रवार गेले आहेत. हल्ली मी पॅचमध्ये आधी बिघाडाची वाट वाचतो आणि मग यशाची. यशाच्या वाटेवर सगळेच नीट चालतात.

एवढी वर्षं लोकांच्या लिखा काढल्यावर माणसाला वाटू लागतं की आपलं डोकं स्वच्छ आहे. गेल्या महिन्यात एक पॅच मी स्वतः लिहिला. तिसऱ्या मजल्यावर डोकवायचं, दिवा नसेल तर थोडं झोपायचं, घड्याळ पाहायचं, वेळ शिल्लक असेल तर पुन्हा डोकवायचं, नसेल तर उणे ११०. लिनक्समध्ये यासाठी तयार सोय आहे. ती मी वापरली नाही. पंचवीस वर्षं अनुभव असलेला माणूस तयार मसाला वापरत नाही.

रिव्ह्यू त्या मुलाकडे गेला. मी मनात म्हटलं, शिकेल. दुसऱ्या दिवशी त्याची एकच टिप्पणी होती, आणि तिच्यापुढे "निट" नव्हतं.

"सर, वेळ संपल्यावर तुम्ही शेवटचं एकदा बघितलेलं नाही."

मी त्याला बोलावलं आणि समजावलं, की वेळ संपली म्हणजे संपली. तो अदबीनं म्हणाला, "हो सर. पण मशीनवर लोड असेल आणि आपण थोडं झोपलो, तर आपल्याला परत उठवायला प्रोसेसरला सवड मिळायला हवी ना? समजा ती साठ मिलिसेकंदांनी मिळाली. कोर तेवढ्यात कधीच उठलेला असतो. आपण उठतो, घड्याळ बघतो, वेळ संपलेली दिसते, आणि कोरकडे न बघताच त्याला नापास करतो. मग वीज तोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. उशीर त्याला झालेलाच नसतो सर. तो आपल्याला झालेला असतो." मग जरा थांबून म्हणाला, "ती तयार सोय वेळ संपल्यावरही एकदा बघते. म्हणून."

मी काही बोललो नाही. मला ती गादी आठवली.

दहावीच्या परीक्षेचा पहिला दिवस. आईनं साडेपाचला हाक मारली. माझं "हो". पाय टेकल्याचा आवाज नाही. आईनं दुसरी हाक मारली. आवाज नाही. पावणेसहा ही शेवटची मुदत, असं तिनं बाबांना सांगून ठेवलेलं. बाबा हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेरच्या खोलीत तयारीत बसलेले. मधे काही तरी झालं, आई जरा वेळ गुंतली. परत येऊन तिनं घड्याळ पाहिलं, तर पावणेसहा उलटून गेलेले. ती ओरडली, "नाहीच उठला तो!" बाबांनी अंधारात येऊन तांब्या पलंगावर उपडा केला.

मी तेव्हा मोरीत दात घासत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून उठलो होतो.

पलंगावर फक्त गादी आणि गोधडी होती. दोन्ही चिंब. ती गादी पुढे दोन दिवस गॅलरीत वाळत होती, आणि दहावीतल्या मुलाची गादी गॅलरीत का वाळते आहे याबद्दल समोरच्या बिऱ्हाडांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला. मी मराठीचा पेपर त्या निष्कर्षाच्या छायेत लिहिला.

मी पॅच दुरुस्त केला. तयार सोय वापरली. पॅचसोबत कारण लिहावं लागतं, तिथे लिहिलं : "वेळ संपली तरी निकाल देण्याआधी एकदा शेवटचं पाहावे, कारण पाहणाराही मधे झोपलेला असू शकतो." मुलानं "तपासलं" म्हणून आपलं नाव खाली घातलं. हमी अर्थातच दिली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. हल्ली ती आमच्याकडेच असते. तिला रजिस्टर कळलं नाही, चाळ कळली; टाइमआउट कळला नाही, पावणेसहा कळले. मी मराठीत लिहिलेलं ते वाक्य तिला वाचून दाखवलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"ते 'झोपलेला' खोड आधी," ती म्हणाली. "मी झोपले नव्हते. दूधवाला आला होता."